दादीने ओळखलं होतं

माझी दादी आपल्या मुलांची गणती दोन प्रकारे करायची. बाहेरच्या कुणी विचारलं तर सहा, घरात बोलताना आठ. त्या दोघांपैकी एक अकीक्याआधीच, पाचव्या दिवशी गेला. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगायची, ‘सुबह से दूध नहीं खींच रहा था, बदन ठंडा था, रोने की आवाज बैठ गई थी.’ घरातल्यांनी नजर लागली म्हणून दम करून घेतला. पुरुष माणसं दुकानावरून परतली तेव्हा तालुक्याची शेवटची एसटी निघून गेली होती.

अल-राजी आणि इब्न सीना यांचा आपल्या जलशांत, पोस्टरांवर मोठा अभिमान मिरवला जातो. अल-राजीचं नाव निघालं की देवी आणि गोवर यांतला फरक सांगणारा हकीम, एवढ्यावर आपण थांबतो. त्याने लहान मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती आणि ती लॅटिन भाषांतरातून युरोपात पोहोचली, हे फारसं कुणी सांगत नाही. दहाव्या शतकातच कैरवानच्या इब्न अल-जज्जारने बालसंगोपनावर, तर कुर्तुब्याच्या अरीब इब्न सादने गर्भवती आणि नवजात बाळांवर ग्रंथ लिहिले. तान्ह्या बाळाचा आजार हा हकिमाच्या अभ्यासाचा विषय आहे, असं त्यांनी मानलं. पण ग्रंथ वाचणार हकीम, आणि बाळापाशी बसणार दाई नाहीतर सासू. या दोघांची गाठ क्वचितच पडायची.

ही गाठ घालण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1990च्या दशकात 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्याआधी निरक्षर दायांसाठी त्यांनी श्वास मोजायचं एक साधं यंत्र बनवलं होतं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी ही मर्यादा मिनिटाला 60 श्वासांची.

आरोग्यदूत जी लक्षणं तपासत त्यांत दादीची तिन्ही होती. दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, अंग गार पडणं. शिवाय ताप, बाळ लुळं पडणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, बेंबीतून पू येणं. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते गार अंग. मोठ्यांचा आजार आपण तापावरून ओळखतो. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप न येता ते उलट थंडही पडू शकतं, आणि घरातले म्हणतात, ‘ताप नाही ना, मग झोपू द्या.’ झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, ओठ निळसर झाले, तरीही थांबायचं नाही. यांतलं एखादंही लक्षण दिसलं की त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

त्या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. 2011पासून देशभरात आशाताई बाळ-बाळंतिणीला भेटायला घरी येतात, शेवटची भेट 42व्या दिवशी. म्हणजे जवळजवळ आपला चिल्लाच. पण ‘चिल्ला है, बाहरवाले अंदर नहीं’ असं सांगून आशाताईला उंबऱ्यावरून परत पाठवलेलं मी आमच्याच मोहल्ल्यात पाहिलं आहे. दम करणाऱ्या बुजुर्गांशी माझं भांडण नाही. दुआ रिक्षात बसूनही करता येते.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, 108ची गाडी रात्रीही येते. अडतं ते घरातच. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने नवऱ्याच्या परवानगीची वाट न पाहता नऊ दिवसांच्या मुलीला जिल्हा रुग्णालयात नेलं. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन वॉर्डाबाहेर उभी होती.