शाळा अंगणात येते
मूल शाळेत आले नाही, की आपण पालकांना बोल लावून मोकळे होतो. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गरीब वस्तीतील मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आईच्या डोळ्यांदेखत मूल शिकू लागले. हीच अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. घराची अडचण शाळेने आपली मानली. पालकांचा विश्वास हवा असेल, तर पहिले पाऊल शाळेनेच उचलावयाचे असते, हा या इतिहासाचा बोध आहे.