विजेच्या वाटा आणि वाटण्या

इंदुरात वीज आली ती १९०६ साली, होळकरांच्या राजवटीत. त्या काळी वीज ही गावापुरती सोय होती. जेथे ती निर्माण होई तेथेच खर्ची पडे. शेजारच्या संस्थानाशी तिचा संबंध नसे. आज राजेंद्र नगरातील एखाद्या घरी दिवा लागतो, तेव्हा त्याची वीज सिंगरौलीच्या कोळशाची की नर्मदेच्या पाण्याची, हे कोणालाही सांगता येणार नाही. या दोन अवस्थांमधील इतिहास केवळ तारांचा आणि मनोऱ्यांचा नाही. प्रदेशांनी आपसांत वाटणी कशी ठरवली आणि ती कशी निभावली, याचा तो इतिहास आहे.

आपल्या भागातील पहिली मोठी वाटणी चंबळेवर झाली. महूजवळ जानापावच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी माळवा ओलांडून राजस्थानात शिरते. जुन्या होळकर संस्थानाच्या रामपुरा-भानपुरा भागात १९५४ साली गांधीसागर धरणाची पायाभरणी झाली व १९६० साली ते पूर्ण झाले. तेथे २३ मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ११५ मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले. पुढे राजस्थानात राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर झाले. तिन्ही केंद्रांची वीज दोन्ही राज्यांनी निम्मी-निम्मी घ्यावी असे ठरले. केंद्र कोणाच्या हद्दीत आहे, यापेक्षा नदी दोघांची आहे, हे तत्त्व त्यामागे होते.

१९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघाला आणि मध्य भारतासह इंदूर नव्या मध्य प्रदेशात आले. पण १९६४ साली देशाचे पाच विद्युत विभाग पाडले गेले, तेव्हा मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात यांना पश्चिम विभागात एकत्र बसवण्यात आले. एका राज्याची शिल्लक दुसऱ्याच्या टंचाईला उपयोगी पडावी, हा त्यामागील हिशेब होता.

या हिशेबाची खरी कसोटी नर्मदेवर लागली. १९६९ साली नेमलेल्या लवादाने १९७९ साली अंतिम निवाडा दिला. सरदार सरोवराचा कालवा गुजरात आणि राजस्थानसाठी; मध्य प्रदेश व महाराष्ट्राला त्या धरणातून मिळायची ती मुख्यतः वीज. तिची वाटणी मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ आणि गुजरातेस १६ टक्के अशी ठरली. १४५० मेगावॅट क्षमतेत मध्य प्रदेशाचा वाटा ८२६.५ आणि महाराष्ट्राचा ३९१.५ मेगावॅट होतो. बुडिताची वाटणीही तेथेच दिसते: मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातेतील १९ गावे. म्हणजे धुळ्याकडे आणि माळव्याकडे जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांतून जे वाहते, ते एका अर्थी त्या गावांचे मोल आहे. १९७८ पासून इंदूरला मिळणारे नर्मदेचे पाणीही जलूदहून विंध्य चढते ते विजेच्याच बळावर. नर्मदाखोऱ्याचे आपल्यावरील ऋण असे दुहेरी आहे.

पुढे विभागांच्या सीमाही पुसल्या गेल्या. मार्च २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्वेशी आणि ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग या दोहोंशी एकाच वारंवारतेवर जोडला गेला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणही आली. परंतु जोडणीबरोबर जबाबदारीही येते, हे त्याआधीच कळून चुकले होते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे बंद पडली आणि उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. पश्चिम विभाग तगून राहिला. काही समांतर वाहिन्या बंद असताना उत्तरेकडील काही राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती, हे त्या अनर्थाचे एक मोठे कारण होते.

पारेषणाचे नियोजन करणारे अभियंते भार, अंतर आणि गळती यांचे गणित मांडतात. ते मांडलेच पाहिजे. पण प्रत्येक वाहिनीला एक टोक कोणाच्या तरी घरी असते आणि दुसरे कोणाच्या तरी गमावलेल्या जमिनीवर. २०१९ साली निमाडातील निसरपूर आणि चिखलदा पाण्याखाली गेले. ज्यांचे सर्व गेले, त्यांना ५७ टक्क्यांतून प्रत्यक्षात काय मिळाले, हा प्रश्न वीज वापरणाऱ्यांनीच विचारायला हवा.