माणसाची पारख : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे एक स्मरण

उद्योगाचा इतिहास लिहिताना आपण यंत्रे, भांडवल आणि उत्पादन यांची मोजदाद करतो. हाताखालच्या माणसाचे मन जाणण्याची शक्ती मात्र ताळेबंदात येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कार्याकडे मी आज त्या दृष्टीने पाहू इच्छितो. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच परिसरातले.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली. गुणांपेक्षा जन्म मोठा ठरला की कर्तबगार माणसाच्या मनाला काय वाटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे सायकलींचे दुकान आणि पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला.

१९१० साली बेळगावची जागा सोडणे भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान देऊ केले. तेथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावचे सहकारी त्या ओसाड माळावर बिऱ्हाडांसह गेले. केवळ पगारासाठी कोणी असे जाईल, असे मला वाटत नाही.

त्या वसाहतीत शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे वसाहतीची राखण सोपविण्यात आली. अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो हा काळ. हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

मालक आणि कामगार हा भेद तेथे मिटला होता, असे मी म्हणणार नाही. परंतु लक्ष्मणरावांनी या माणसांना नुसती सहानुभूती दाखविली नाही, तर जबाबदारी दिली. दयेने माणूस उपकृत होतो. जबाबदारीने त्याचा स्वतःवरचा विश्वास परत येतो.

आपल्या शाळेचे विद्यार्थी उद्या कचेऱ्यांत, कारखान्यांत अधिकारपदावर बसतील. समोरच्या माणसाची जात, प्रमाणपत्र वा पूर्वायुष्य यांपलीकडे पाहून त्याला योग्य काम देण्याचे धैर्य त्यांनी दाखवावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.