आत येऊ का?

मे २०१८. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि ऐन परीक्षेच्या धामधुमीत इनबॉक्समध्ये अचानक पूर आला. 'आम्ही आमचं प्रायव्हसी धोरण बदललं आहे.' कधीकाळी एक फॉन्ट डाउनलोड करायला ज्या साइटवर खातं उघडलं होतं, तिलाही माझ्या खाजगीपणाची आठवण आली! रूममेट म्हणाला, "काय बे, एवढे लोक आपली काळजी करून राहिले?"

काळजी-बिळजी काही नव्हती. २५ मे २०१८ पासून युरोपियन युनियनचा जीडीपीआर लागू झाला. कंपनी जगात कुठेही असो, युरोपातल्या लोकांना सेवा देत असेल किंवा त्यांच्यावर नजर ठेवत असेल तर हे नियम पाळायचे. नाहीतर दंड: २ कोटी युरो किंवा वर्षाच्या जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. कायदा मंजूर झाला होता एप्रिल २०१६ मध्येच. दोन वर्षं हातात होती. पण सबमिशन शेवटच्या रात्री करणारे फक्त आपणच नसतो, हे त्या आठवड्यात कळलं.

वेबसाइट्सनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. काहींनी सरळ दार लावून घेतलं. शिकागो ट्रिब्यून आणि लॉस एंजेलिस टाइम्स युरोपातून उघडेनात. यूएसए टुडेने युरोपसाठी वेगळी साधी आवृत्ती काढली, जाहिराती आणि हेरगिरीच्या स्क्रिप्ट्स काढून टाकलेली. पान ५ एमबीच्या वरून साधारण अर्ध्या एमबीवर आलं आणि भन्नाट वेगाने उघडायला लागलं. म्हणजे बातमी होती अर्धा एमबी, बाकीचं ओझं आपल्यावर नजर ठेवणाऱ्यांचं! आणि उरलेल्या बहुतेकांनी काय केलं? एक पट्टी लावली. 'आम्ही कुकीज वापरतो. स्वीकारा.'

युरोपला हे एवढं का झोंबतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदणी अगदी चोख असायची. नाव, पत्ता, धर्म, सगळं कार्डावर. हेतू वाईट नव्हता, कारभार नीट चालावा एवढाच. पण १९४० मध्ये नाझी आले आणि ज्यू कोणत्या घरात राहतात ते त्यांना शोधत बसावं लागलं नाही. कार्डं तयारच होती. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही डच बंडखोरांनी अॅमस्टरडॅमचं ते नोंदणी कार्यालय पेटवून दिलं. थोडाच भाग जळला. त्यांच्यापैकी बारा जणांना जुलैमध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

डेटा डिलीट करायचा प्रयत्न केला म्हणून बारा माणसं मेली.. हे वाचल्यापासून 'डिलीट अकाउंट' हे बटण मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

पुढे १९७० मध्ये जर्मनीतल्या हेसे राज्याने जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेविरुद्ध लोक कोर्टात गेले. घटनापीठाने जनगणना थांबवली आणि डिसेंबरमध्ये निकाल दिला: स्वतःच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा. १९९५ चे युरोपियन निर्देश आणि मग जीडीपीआर हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे.

आता माझी गोष्ट. २०२१ साली, घरून काम चालू असताना, एका युरोपियन क्लायंटच्या साइटवर कुकीची पट्टी लावायचं तिकीट माझ्याकडे आलं. कोड लिहिला, पान उघडलं, पट्टी गायब. दोन तास डीबग केलं. शेवटी सिनियरला फोन लावला. तो हसला. "आपल्याला नाही दिसणार रे ते. व्हीपीएन लाव."

जर्मनीचं व्हीपीएन लावलं आणि पट्टी हजर! कोडमध्ये आधीपासून एक अट होती: पाहुणा युरोपातून आला असेल तर विचारा, नाहीतर न विचारता सुरू करा. नागपुरात बसून मी जर्मन असल्याचं सोंग घेतलं, तेव्हा कुठे मला विचारलं गेलं.

त्या पट्टीचं डिझाइनही मासलेवाईक होतं. 'स्वीकारा' मोठं, हिरवं. नकार द्यायचा तर बारीक करड्या अक्षरातल्या 'सेटिंग्ज'वर जा, मग आणखी दोन क्लिक. मी बनवलं. तिकीट बंद केलं.

युरोपात अशा पट्ट्यांवर कोर्टकचेऱ्या चालूच होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्येच युरोपच्या न्यायालयाने सांगितलं होतं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण? नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याही क्लायंटचं तिकीट आलं: दोन्ही बटणं सारखी करा. वीस मिनिटांचं काम. म्हणजे हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. ती अट मात्र तशीच राहिली.

मग आपल्याकडे? इथे आपल्या नागपूरचा संबंध येतो. ११ ऑगस्ट २०१५ ला आधारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही? नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. त्या तिघांत एक होते न्या. शरद बोबडे, जन्म नागपूरचा, वकिलीही इथल्याच खंडपीठात. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने 'आहे' म्हटलं, तेव्हाही ते पीठावर होते. त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं आणि त्यात दाखला दिला कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा: मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये.

बस्स. जीडीपीआरचं सार या एका वाक्यात आलं की! दारात उभं राहून 'आत येऊ का?' विचारायचं, आणि 'नको' म्हटलं तर परत फिरायचं.

आपला डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत मिळाली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात लिहिलंय. एक खोट मोठी आहे. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकतं. अॅमस्टरडॅमची ती कार्डं सरकारीच होती, हे विसरू नये.

पण एक कलम मला फार आवडलं. सूचना इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठीतही!

गेल्या रविवारी सहज एक मसुदा लिहिला आणि आईला वाचून दाखवला. 'आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी आम्ही व आमचे भागीदार...'

"भागीदार कोण?" आईने विचारलं.

"जाहिरातवाल्या कंपन्या."

"किती?"

"असतात शंभर-दोनशे."

"आणि नाही म्हणायचं असलं तर कुठं दाबायचं?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. सवयीने नकाराचं बटण पुन्हा आतल्या पानावर ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

मसुदा खोडला आणि नव्याने लिहिला: 'तुम्ही इथे काय बघता त्याची नोंद ठेवून आम्ही ती जाहिरात कंपन्यांना देऊ का?' खाली दोन बटणं, एकाच मापाची, एकाच रंगाची. 'हो' आणि 'नको'.

आईने क्षणभरही विचार न करता 'नको' दाबलं.