अंगणांतील पाहुणे, बांधावरील वारस

एखाद्या गांवाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपण सनदा, बखरी व शिलालेख यांकडे धांव घेतों. त्या गांवच्या अंगणांत, देवळापुढें आणि शेताच्या बांधावर जीं झाडें उभीं असतात, त्यांचीही साक्ष घ्यावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः राजवटी जशा कागदावर उमटतात तशाच त्या बागेंतही उमटतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील कुंभार पिंपळगांव हें नांवच पाहा. महाराष्ट्रांत पिंपळगांवें पुष्कळ. त्यांतून एक वेगळें ओळखतां यावें म्हणून कोठें ‘बसवंत’ हें पद जोडलें गेलें, तर येथें ‘कुंभार’ हें. एक धंदा आणि एक झाड, एवढ्यावर गांवाची ओळख पुरी झाली. ज्या काळीं गांवांना झाडांचीं नांवें मिळालीं त्या काळीं झाड ही शोभेची वस्तु नसून शेजाऱ्यासारखी ओळखीची गोष्ट होती, एवढें अनुमान यावरून काढण्यास हरकत नाहीं.

याच तालुक्यांत जांब हें गांव आहे. शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, समर्थ रामदासांचा जन्म तेथें झाला. ‘दासबोध’ व ‘मनाचे श्लोक’ घरोघर पोंचले. परंतु समर्थांच्या स्फुट प्रकरणांत ‘बागप्रकरण’ नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे, त्याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. त्यांत वेदान्त नाहीं कीं उपदेश नाहीं. झाडाझुडपांच्या नांवांची एक लांबलचक मालिका आहे. काव्य म्हणून तिचें मोल कांहींही ठरो, इतिहासाच्या दृष्टीनें ती अमोल आहे. सतराव्या शतकांतील मराठी माणूस बाग म्हणजे काय समजत होता, याचा तो लेखी पुरावा होय.

आतां ही यादी डोळ्यांपुढें ठेवून आजच्या एखाद्या शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारांत उभें राहावें. तेथें उन्हाळ्यांत जो लाल रंगाचा डोंब उसळलेला दिसतो तो गुलमोहराचा. हें झाड मूळचें मादागास्कर बेटांतलें. त्याचें शास्त्रीय वर्णन १८२९ सालीं प्रसिद्ध झालें. समर्थांचें निर्याण शके १६०३ मधलें. म्हणजे मध्यें सुमारें दीडशें वर्षांचें अंतर. फाटकावर जी बोगनवेल चढलेली असते तिची हकीकतही अशीच. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेंत कॉमर्सन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास ती १७६७ सालीं ब्राझिलांत रिओ दि जानेरोजवळ आढळली, आणि तिला कप्तानाचें नांव मिळालें. तिच्या ज्या रंगावर आपण लुब्ध होतों तो फुलाचा नव्हेच. तीं रंगीत पानें आहेत, आणि खरें फूल त्यांच्या मध्यें लहानसें व फिकट असतें.

हे पाहुणे आले कोणत्या वाटेनें? कलकत्त्याजवळ १७८७ सालीं कंपनी सरकारनें वनस्पतींचा मोठा बाग घातला. पश्चिम हिंदुस्थानांत १८३० सालीं शेती व बागाईत यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली, आणि पुढें पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याकडे आली. मुंबईंत भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. अशा बागांतून रोपें छावण्यांत, बंगल्यांच्या आवारांत व पुढें स्टेशनांच्या फलाटांवर पसरलीं. मराठवाडा १९४८ सालापर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता खरा. पण जालन्यास इंग्रजी छावणी होती, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून गोदाखोऱ्यांतून हैदराबादेकडे लोहमार्गही सुरू झाला. साहेबाची बाग आणि आमचें अंगण यांतील अंतर मग फार राहिलें नाहीं.

याच पाहुण्यांत एक घातकी निघाला. घाणेरी, जिला कोठें टणटणी म्हणतात, ती आज माळरानांत व डोंगरउतारांवर माजलेली पाहून कोणी म्हणणार नाहीं कीं हिला एके काळीं कौतुकानें कुंडींत वाढविलें होतें. अमेरिकेंतील हें झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याकडे आलें तें केवळ शोभेसाठीं. एकाच गुच्छांत पिंवळीं, नारिंगी व गुलाबी फुलें आणि मागाहून काळींभोर चकचकीत फळें, असा त्याचा थाट. परंतु तींच फळें पांखरांनीं खाल्लीं आणि बिया रानोमाळ टाकल्या. पाला विषारी असल्यामुळें गुरें तोंड लावीत नाहींत. अर्थात् चराऊ गवत मागें हटलें व घाणेरी पुढें सरकली. सौंदर्य एवढ्याच गुणावर केलेल्या निवडीची किंमत गुराख्यास मोजावी लागली.

तथापि यावरून परदेशी तें सारें त्याज्य, असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. दसऱ्याचें तोरण ज्यावांचून होत नाहीं तो झेंडू मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारांतील पांढरा चाफा अमेरिकेंतला असून त्यानें आमच्या सोनचाफ्याचें नांव घेतलें. सीताफळही त्याच खंडांतलें. पण दौलताबाद व बालाघाट येथील डोंगरांनीं त्यास असें आपलेंसें केलें कीं, तें सीतामाईच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ज्या मोसंबीनें जालना जिल्ह्याचें नांव दूरवर नेलें, तिच्या तर नांवांतच आफ्रिकेंतील मोझांबिक दडलेलें आहे. मग झेंडू आपला कां झाला आणि गुलमोहर दीड शतकानंतरही पाहुणाच कां राहिला? माझ्या मतें याचें उत्तर कामांत आहे. झेंडूस सणांत काम मिळालें, सीताफळास ताटांत, मोसंबीस बाजारांत. गुलमोहरास बघण्यापलीकडे काम मिळालें नाहीं; त्याचें लांकूड ठिसूळ, आणि वादळवाऱ्यांत फांदी केव्हां कोसळेल याचा नेम नाहीं.

या कसोटीवर बांधावरचीं जुनीं झाडें घांसून पाहावींत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, फुलांचा रंगपंचमीचा रंग, मुळांच्या वाखाचे दोर. पांगारा पानमळ्यांत वेलाचा आधार. कांटेसांवरीचा कापूस गाद्या-उशांत, बहाव्याच्या शेंगेंतील गर औषधांत. आणि शोभेंत तरी हीं कोठें उणीं आहेत? याच गोदाखोऱ्यांत, वरच्या अंगास असलेल्या पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नांवावर ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतांतील संग्रह आहे. त्यांतील एका गाथेंत भूमीवर पडलेल्या पळसफुलांस बुद्धाच्या चरणीं लोटांगण घालणाऱ्या भिक्षुसंघाची उपमा दिलेली आहे. पळसाची शोभा पाहावयास आम्हांस कोणा परदेशी माळ्याची गरज नव्हती, हें यावरून उघड होतें. पण पुढें त्याच पळसाचें ‘पळसाला पानें तीनच’ एवढेंच आमच्या तोंडीं उरलें, आणि फूल विसरलें गेलें.

विसरण्याचा परिणाम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. जालना हा अत्यल्प वनक्षेत्राचा जिल्हा. येथें देशी फुलझाडांस राखीव अरण्याचा आश्रय फारसा नाहीं. तीं जगलीं तीं बांधावर, ओढ्याकांठीं व गांवठाणांत. पत्रावळीची जागा कागदी ताटानें घेतली, दोर व रंग दुकानांतून येऊं लागले, आणि झाडाचें काम गेलें. काम गेलेलें झाड बांध रुंद करतांना प्रथम तुटतें. बागेंत तर त्यास आधींपासूनच जागा नाहीं. कारण बाग म्हणजे गुलमोहर व बोगनवेल असा समज दृढ झालेला आहे. अशा रीतीनें जुनें झाड दोन्हीकडून बेघर होतें.

महाराष्ट्र राज्यानें तामण या देशी झाडाच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला, हें योग्यच झालें. परंतु मान आणि आळें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुंभार पिंपळगांवासारख्या गांवीं शाळेपुढें एक पळस, विहिरीपाशीं एक पांगारा, चावडीजवळ एक बहावा लावावयास खर्च कितीसा? अंगणांतल्या गुलमोहरावर कुऱ्हाड चालवावी असें आमचें म्हणणें नाहीं. पाहुण्यास हाकलणें हा आपला धर्म नव्हे. पण पाहुण्यासाठीं ओसरी मोकळी करतांना घरचा वारस उन्हांत उभा राहूं नये, एवढें तरी पाहिलें पाहिजे. तीनशें वर्षांनंतर कोणी नवें ‘बागप्रकरण’ लिहूं म्हणेल, तर त्यास या खोऱ्यांतील झाडांचीं नांवें जुन्या पोथींतून उतरून न घेतां समोर पाहून लिहितां यावींत.