लॉक्स
विद्याविषयक इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत स्वतंत्रपणे जतन करणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात व्हिकी राइक आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी १९९९ मध्ये तिचे काम सुरू केले.

पार्श्वभूमी : छापील अंकाची वर्गणी भरली की अंक ग्रंथालयाच्या मालकीचा होई, प्रकाशक बुडाला तरी कपाटातील बांधीव खंड जागेवरच राहत. प्रती गावोगावी विखुरलेल्या असल्याने जतन आपोआप घडे, त्याची वेगळी तजवीज क्वचितच करावी लागे. अंक आंतरजालावर आल्यावर वर्गणीदाराच्या हाती उरली ती प्रकाशकाच्या यंत्रावरील मजकूर वाचण्याची मुभा. वर्गणी थांबली की पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही बंद होण्याची भीती. प्रत ग्रंथालयाकडे ठेवण्याची जुनी रीत लॉक्सने नव्या माध्यमात आणली.

कार्यपद्धती : प्रकाशकाने संकेतस्थळावर परवानगीचे विधान ठेवले की ग्रंथालयातील यंत्र वर्गणीतील अंक उतरवून घेते. प्रणालीची खरी खुबी त्यापुढे आहे. साठवलेली फाइल वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. तिच्यात बिघाड झाला तर कळणार कसे? त्यासाठी यंत्रे मतदान घेतात. मतदान पुकारणारे यंत्र इतर काही यंत्रांची निवड करते आणि ती आपापल्या प्रतीचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, कळवतात. ठसा काढताना दर वेळी नवी यादृच्छिक संख्या मिसळावी लागते, त्यामुळे जुने उत्तर जपून ठेवून फसवता येत नाही. बहुमताशी न जुळणारी प्रत प्रकाशकाकडून किंवा दुसऱ्या ग्रंथालयाकडून दुरुस्त केली जाते. मात्र ती प्रत आपल्याकडे पूर्वी होती हे मागणाऱ्याने आधीच्या मतदानातून सिद्ध केलेले असावे लागते. कौल संदिग्ध लागला तर यंत्र माणसाला सूचना देते. मतदानाचा वेग मुद्दाम मंद ठेवतात, म्हणजे हल्लेखोराला घाई करता येत नाही. या पद्धतीवरील निबंधाला २००३ मध्ये संगणक-कार्यप्रणालींच्या एसओएसपी परिसंवादात उत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला.

क्लॉक्स : याच प्रणालीवर २००६ पासून उभारलेला बंद संग्रह. प्रती जगभरातील १२ ग्रंथालयांत राहतात, पण एरवी कोणालाही वाचता येत नाहीत. नियतकालिक अन्यत्र मिळेनासे झाले, असे प्रकाशक व ग्रंथालये यांच्या संयुक्त मंडळाने ठरवले की ते सर्वांना विनामूल्य खुले होते. सेज या प्रकाशकाचे बंद पडलेले ‘ग्राफ्ट’ हे अवयवरोपणविषयक नियतकालिक २००८ मध्ये असे खुले झाले. तोवर प्रती कुलपात ठेवाव्यात का, याविषयी मतभेद आहेत.

पोर्टिको : २००५ मध्ये सुरू झालेला, प्रकाशकांच्या मूळ फाइलींवर आधारलेला केंद्रीय संग्रह.

शोध : जतन झालेला निबंध सापडण्याची सोय बव्हंशी डीओआय या निबंधाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावर अवलंबून आहे. निबंधांसाठी हे क्रमांक नोंदवणारी क्रॉसरेफ ही संस्था २००० मध्ये सुरू झाली. नियतकालिक हलले की नवा पत्ता तेथे कळवावा लागतो. तो कळवणारा प्रकाशकच उरला नाही, तर क्रमांक असून उपयोग नसतो. कोणते नियतकालिक कोणत्या संग्रहात आहे, हे कीपर्स रजिस्ट्री दाखवते. ती २०१९ च्या अखेरीस एडिंबरोहून पॅरिसच्या आयएसएसएन केंद्राकडे गेली.

व्याप्ती : मुक्त प्रवेशाची १७४ नियतकालिके २००० ते २०१९ या काळात आंतरजालावरून नाहीशी झाल्याचे एका अभ्यासात आढळले. २०२४ मधील दुसऱ्या पाहणीत ७४ लाखांहून अधिक डीओआयधारक लेख तपासले गेले, त्यांपैकी सु. २८ टक्के प्रमुख संग्रहांत सापडले नाहीत. छोटे प्रकाशक अशा संग्रहांत सहसा येत नाहीत, आणि जतनाची गरज त्यांनाच अधिक असते.

भारत : पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ‘ॲनल्स’ आणि मुंबईचे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचे जुने अंक जेस्टोर (स्था. १९९५) या वेगळ्या संग्रहात आहेत.