स्क्रिप्टमधली कोरी पानं

कंपनीच्या कामासाठी सात महिने मँचेस्टरला होतो. रशोम भागात एक खोली भाड्याने घेतली होती. तिथल्या विल्म्सलो रोडला सगळे ‘करी माईल’ म्हणतात. कबाब, जिलेबी, शोर्मा आणि रात्री एक वाजताही चहा मिळणारा हा रस्ता. त्यालाच एक डिकन्सन रोड फुटतो. रोज त्यावरून चालत घरी यायचो. साधी घरं, पार्क केलेल्या गाड्या, पाऊस. एकदा ऑफिसातला एक वयस्कर सहकारी म्हणाला, ‘तुला माहितीये का, तुझ्या त्या रस्त्यावर आमचं हॉलिवूड होतं.’

मला वाटलं, चेष्टा करतोय. घरी येऊन शोधलं तर खरंच होतं. १९४७ साली या रस्त्यावरच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये मँक्युनियन फिल्म्स नावाच्या कंपनीने स्टुडिओ थाटला होता. १९५४ मध्ये तो बीबीसीने विकत घेतला आणि १ जानेवारी १९६४ ला ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला कार्यक्रम तिथूनच झाला. रोलिंग स्टोन्स त्यात होते. गुगलवर सगळं त्याचंच कौतुक. त्याआधी त्या चर्चमध्ये जे बनत होतं, त्याच्या वाट्याला दोन ओळी. मला त्या दोन ओळींनीच पकडलं.

मँक्युनियन म्हणजे मँचेस्टरचा रहिवासी. कंपनीचा मालक आणि बऱ्याच सिनेमांचा दिग्दर्शक जॉन ब्लेकली. त्याचे वडील फिल्म वितरणाच्या धंद्यात होते, त्यामुळे लँकेशरच्या गिरणगावांत थिएटरवाल्याला काय हवं असतं हे त्याला घरातूनच ठाऊक होतं. त्यांना हवे होते म्युझिक हॉलचे विनोदी नट.

म्युझिक हॉल हा प्रकार आपल्याला लगेच कळतो. एकाच संध्याकाळी गाणी, नकला, कसरती, जादू आणि विनोदी प्रवेश. समोर बिअर पिणारे, ओरडणारे, न आवडल्यास हाकलून देणारे कामगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे चालू होतं. चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल दोघंही याच मातीतले. ते अमेरिकेला गेले म्हणून जगाचे झाले. मागे राहिलेल्यांचे सिनेमे मात्र गॅरेजवर बनले.

गॅरेजवर म्हणजे अक्षरशः. १९३४ चा ‘बूट्स! बूट्स!’ हा ब्लेकलीचा सिनेमा लंडनमधल्या एका मोटार गॅरेजच्या वरच्या खोलीत शूट झाला. खालच्या इंजिनांचा आवाज थांबला की वर कॅमेरा सुरू, असं सांगतात. नायक होता जॉर्ज फॉर्मबी, हातात युकुलेलेसारखं वाद्य आणि चेहऱ्यावर बावळट हसू. सिनेमाचं चित्रण अंधुक, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. तरी उत्तरेकडे तो तुफान चालला. पुढच्या वर्षी बड्या स्टुडिओने फॉर्मबीला उचललं, ‘नो लिमिट’ आला, आणि दशक संपेपर्यंत तो ब्रिटनमधल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एक झाला.

अशा स्वस्त सिनेमांना पोसणारा एक कायदाही होता. हॉलिवूडने ब्रिटिश थिएटरं काबीज केली म्हणून सरकारने १९२७ मध्ये कोटा आणला. वितरकांनी साडेसात टक्के आणि थिएटरांनी पाच टक्के सिनेमे ब्रिटिश ठेवायचे आणि हे प्रमाण हळूहळू वीस टक्क्यांपर्यंत न्यायचं. ‘ब्रिटिश’ची व्याख्याही गमतीची होती. स्टुडिओतली दृश्यं साम्राज्यात कुठेही चित्रित झालेली चालत. म्हणजे कागदोपत्री मुंबईही चालली असती. कॅनडात तर केवळ या कोट्यासाठी सिनेमे बनले.

आता माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, असा नियम आला की पुढे काय होतं. चेकबॉक्स भरला जातो. अमेरिकन कंपन्यांनी फुटाला एक पौंड या दराने सिनेमे पाडून घेतले. बोलपट मिनिटाला ९० फूट फिल्म खातो, म्हणजे ७० मिनिटांचा सिनेमा साधारण ६,३०० पौंडांत तयार. लोक त्यांना ‘कोटा क्विकी’ म्हणू लागले. काही थिएटरं हे सिनेमे सकाळी फक्त साफसफाई करणाऱ्या बायकांसमोर चालवून कोटा भरायची अशी दंतकथा आहे. १९३८ च्या कायद्याने किमान खर्चाची अट घातली आणि हा प्रकार आवरला.

समीक्षकांनी या सगळ्याला एकाच टोपलीत टाकलं. तिथेच त्यांची चूक झाली असं मला वाटतं. काही क्विकी खरोखर टाकाऊ होत्या, कारण त्या कुणी बघाव्यात म्हणून बनल्याच नव्हत्या. ब्लेकलीचे सिनेमे स्वस्त होते, पण ते बघण्यासाठी रांगा लागत. फक्त त्या रांगा लंडनच्या वेस्ट एंडात नव्हत्या.

ब्लेकलीची पद्धत वाचली तेव्हा मी फोन खाली ठेवून हसलो होतो. त्याच्या स्क्रिप्टमध्ये मधेमधे कोरी जागा असायची आणि तिथे फक्त ‘बस’ असं लिहिलेलं. ‘बस’ म्हणजे ‘बिझनेस’चं लघुरूप. अर्थ : इथे नट काय ते करेल. कॅमेरा एका जागी ठेवायचा, जणू पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, आणि नटाने वीस वर्षं गावोगाव घासलेला प्रवेश पूर्ण करेपर्यंत बंद करायचा नाही. ज्याने वगाची संहिता पाहिली आहे त्याला हे परकं वाटणार नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके रोज कुठली नवी कोटी घुसवतील हे कुठे लिहिलेलं होतं?

या कोऱ्या जागांचा राजा होता फ्रँक रँडल. जन्म १९०१, विगनजवळचा. चेहरा रबरासारखा हलावा म्हणून त्याने सगळे दात काढून टाकले होते आणि कवळी कधीकधी प्रेक्षकांत भिरकावायचा. ‘समव्हेअर इन इंग्लंड’ (१९४०) आणि त्यानंतरच्या मालिकेत तो सैन्यातला बेशिस्त शिपाई झाला. कथा नावापुरती. एक प्रेमी जोडपं मधूनमधून येऊन गातं, तेव्हा मी सरळ पुढे ढकलतो. मग रँडल येतो, अर्धवट गिळलेले शब्द, ढेकर, सार्जंटची जिरवणं. खुद्द युद्ध चालू असताना लोक शिस्तीच्या चिंध्या होताना बघत होते. ब्लॅकपूलच्या पोलिसांनी १९५२ मध्ये त्याच्या रंगमंचावरच्या अश्लीलतेबद्दल त्याला कोर्टात खेचलं आणि दंड झाला.

ब्लॅकपूल समजल्याशिवाय हे सिनेमे नीट समजत नाहीत. लँकेशरच्या गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद व्हायच्या आणि अख्खं गाव समुद्रकिनारी जायचं. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा आला. दहा वर्षांनी रँडलच्या एका सिनेमाचं नावच होतं ‘हॉलिडेज विथ पे’. त्यातल्या विनोदापेक्षा मला चेहरे आवडले. सुट्टी म्हणजे काय हे नुकतंच कळलेली माणसं कशी दिसतात, हे मी दुसऱ्या कुठल्याही सिनेमात इतक्या जवळून पाहिलेलं नाही.

आणि मग ओल्ड मदर रायली. आर्थर लुकन नावाचा पुरुष, बोनेट आणि शाल घालून आयरिश धोबीण व्हायचा. तोंडाचा पट्टा आणि हातापायांची कात्री एकदम चालू. गवळणीतली मावशी आठवा, फक्त तिच्यात वीज सोडलेली. तिची मुलगी झालेली किटी मॅकशेन ही लुकनची खरी बायको. दोघांचा मूळ प्रवेश एवढाच होता : मुलगी रात्री उशिरा घरी येते, आई जाब विचारते, भांडण वाढतं आणि घरातली सगळी चिनीमाती फुटते. १९३४ मध्ये राजघराण्यासमोरच्या रॉयल व्हरायटी कार्यक्रमातही त्यांनी हाच प्रवेश केला. १९३७ ते १९५२ पर्यंत रायलीचे पंधरा सिनेमे आले. पडद्यामागे मात्र नवराबायकोचं भांडण खरं होत गेलं. शेवटच्या सिनेमात किटी नाहीच. तिथे आहे बेला लुगोसी, उतारवयातला ड्रॅक्युला.

१७ मे १९५४ ला हल शहरातल्या टिव्होली थिएटरात, प्रवेशाची वाट बघत असताना, लुकन विंगेतच कोसळला आणि गेला. त्याच्या जागी बदली नट रायलीचे कपडे घालून रंगमंचावर गेला. खेळ झाला.

रँडल १९५७ मध्ये वारला, दिवाळखोर होऊन. ब्लेकलीचा स्टुडिओ तोवर बीबीसीचा झाला होता. टेलिव्हिजन घरात आल्यावर व्हरायटी थिएटरं एकामागून एक बंद पडली.

आज हे सिनेमे इंग्लंडमध्ये पुन्हा बघितले जातात. २०१५ पासून टॉकिंग पिक्चर्स टीव्ही नावाचं एक चॅनेल जुने ब्रिटिश सिनेमे दाखवतं, आणि ते बघणारे फक्त म्हातारे नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. स्थिर कॅमेरा, एक माणूस, दोन मिनिटांचा प्रवेश, संपला की दुसरा. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे वाचताय त्यावर रोज हेच बघता. फरक इतकाच, की रँडलचा विनोद फसला तरी कापलेला नसतो. तो चाचपडतो, समोरच्याला हसू आवरत नाही, आणि सगळं तसंच राहतं. काही विनोद आज बघवत नाहीत, बायकांवरचे तर अजिबात नाहीत. तेही तसेच राहिलेत.

माझे आजोबा साताऱ्याकडचे. ते एका सोंगाड्याबद्दल सांगायचे. फडात तो नुसता आला तरी लोक हसून लोळायचे म्हणे. नाव सांगायचे, गाव सांगायचे, तो काय करायचा हे मात्र त्यांना सांगता यायचं नाही. ‘ते बघायलाच पाहिजे’ म्हणायचे. मी खूप शोधलं. फोटो नाही, रेकॉर्ड नाही. त्याच्यावर फुटाला एक पौंड खर्च करायला कुणी नव्हतं. १९७१ ला ‘सोंगाड्या’ आला तोवर तो माणूस थकून घरी बसला होता.

परत आल्यावर आजोबांना रँडल दाखवला. फोन आडवा धरून, कानाला लावायची मशीन नीट बसवून. इंग्रजी त्यांना येत नाही आणि रँडलची बोली खुद्द लंडनच्या लोकांना कळत नसे. दोन मिनिटं ते गप्प होते. मग कवळी बाहेर आली, तसे हसायला लागले. क्लिप संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, ‘पण ह्याचा ढोलकीवाला कुठं बसलाय?’